कपाटाच्या मुठी आणि रंगाची धूळ

चतुर्थी जवळ आली की मालवण, आचरा, देवगड या पट्ट्यातल्या घरांत रंगकाम निघते. चाकरमानी यायच्या आत भिंती उरकतात, मग दारे-खिडक्या आणि शेवटी माजघरातले जुने कपाट. खाऱ्या हवेत लोखंडी मुठी गंजतात, म्हणून अशा कपाटांना पुष्कळदा प्लॅस्टिकच्या किंवा बॅकेलाइटच्या मुठी दिसतात. दर खेपेला पेंटरने त्या न काढताच वरून ऑइलपेंट फिरवलेला असतो. आता जुन्या वस्तूंना पुन्हा भाव आला आहे आणि तो रंग खरवडून मूळची मूठ उघडी करायची हौस वाढली आहे. हौस चांगलीच आहे. काळजी आहे ती खरवडण्यातून उडणाऱ्या धुळीची.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांत. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे हा नियम २०१६ साली झाला आणि २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. पण तो नव्याने बनणाऱ्या आणि विकल्या जाणाऱ्या रंगापुरता. आजोबांच्या कपाटावर बसलेल्या पाच थरांबद्दल तो काही सांगत नाही, आणि ही त्रुटी मला गंभीर वाटते.

शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुले मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषून घेतात. त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो आणि तो भरून निघत नाही. हाडांत साठलेले शिसे गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरते. रांगणारे मूल जमिनीवरची धूळ हाताने तोंडात घालते, तेवढे पुरते.

म्हणून कोरडा पॉलिश पेपर नको, ग्राइंडर नको आणि जाळून रंग काढणारा दिवा तर नकोच. त्या उष्णतेने शिशाची वाफ होऊ शकते, शिवाय प्लॅस्टिक वितळून विषारी धूर निघतो तो वेगळा.

थिनरचेही तसेच. पॉलिस्टायरिन, एबीएस, अ‍ॅक्रिलिक ही प्लॅस्टिके थिनरने चिकट होतात, विरघळतात. बॅकेलाइट त्यात टिकते, पण कॉस्टिक सोड्याने खराब होते. त्यात श्रावणातला पाऊस, खिडक्या बंद, आतल्या खोलीत देवापुढे समई. थिनरच्या वाफेला एवढे पुरेसे आहे. काही पेंट रिमूव्हरमध्ये डायक्लोरोमिथेन असते. शरीरात त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो. अमेरिकेने घरगुती वापराच्या रिमूव्हरमधून ते २०१९ साली हद्दपार केले. डब्यावर हे नाव दिसले तर डबा दुकानातच राहू द्यावा.

खरे तर प्लॅस्टिकवर ऑइलपेंट मुळातच नीट धरत नाही, त्यामुळे घाई नसेल तर काम सोपे आहे. स्क्रू काढून मुठी वेगळ्या कराव्यात. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवाव्यात. रात्रभर नको, कारण बॅकेलाइटमध्ये लाकडाचा भुसा असतो आणि जुनी झिजलेली मूठ पाणी पिते. मग हातमोजे घालून, ओली असतानाच बांबूच्या कामटीने रंग उचलावा. चिवट ठिकाणी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा काही मिनिटे ठेवावा, पण आधी मुठीच्या मागच्या बाजूला करून पाहावे. तेही पेट घेते, तेव्हा चूल आणि समईपासून लांब, पडवीत बसून. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्या घरी न्यावे, नाहीतर पुढे ढकलावे. रंग घट्ट असेल, सुटत नसेल, तर त्याच्यावर नवा हात मारणे हाही शहाणपणाचाच निर्णय आहे.

पेंटर हे काम वर्षभर करतो. ओले काम सावकाश होते म्हणून तो सुके करतो, आणि सावकाश कामाचे पैसे आपण देत नाही. अर्ध्या दिवसाची जादा मजुरी घरमालकाने द्यायला हवी.

राहिला तो केर. आपल्याकडे तो सवयीने माडाच्या आळ्यात किंवा परड्यात जातो, तिथे कोंबड्या चरतात, पलीकडे विहीर असते. रंगाचे तुकडे आणि पुसलेले फडके पिशवीत बांधून वेगळे ठेवावे. केरसुणीने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. आणि चतुर्थीआधीच्या महिन्यात तरी ग्रामपंचायतींनी अशा पिशव्या गोळा करायला एक वार ठरवून द्यावा.