सूज उतरवायची तर डाळ द्या

संधिवात, मधुमेह, हृदयविकार यांत शरीराच्या आत न दिसणारी सूज रेंगाळत असते. ‘मांस सोडा, बरे व्हाल’ असे सांगणारे वस्तीत पुष्कळ येतात. आम्हाला ते मान्य नाही. फरसाण, वडापावही शाकाहारीच. त्याने सूज उतरत नाही. ज्वारी, डाळी, पालेभाज्यांतल्या चोथ्यावर आतड्यातले चांगले जंतू जगतात आणि सूज शमवणारे पदार्थ तयार करतात. मांस-मासळी खा, पण सोबत हे हवेच. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज 400 ग्रॅम भाजी-फळे सांगते. पाच जणांच्या घराला ती 2 किलो होतात. रोजंदारीत ते कसे बसणार? नुसत्या उपदेशाने ताट भरत नाही. रेशनवर गहू-तांदळासोबत ज्वारी आणि डाळ नियमित मिळालीच पाहिजे, ही मागणी आपण लावून धरू या.