विद्यार्थी संशोधक की बिनपगारी कारकून?

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प अंतर्भूत झाला. चार भिंतींत कोंडलेली विद्या समाजाच्या व्यवहारात उतरावी, हा त्यामागील हेतू निःसंशय स्तुत्य आहे. शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेपासून कामातून शिक्षण हा विचार विदर्भाला परिचित आहे. वाद हेतूविषयी नाहीच. या तरतुदीचे सोने करायचे की तिची प्रमाणपत्रांची टांकसाळ होऊ द्यायची, एवढाच प्रश्न आहे. यवतमाळ जिल्ह्यात त्याची खरी कसोटी व्यापारी गाळे, संकुले, गोदामे आणि हमरस्त्यालगतचे भूखंड यांच्या व्यवसायात लागणार आहे.

चार श्रेयांक म्हणजे सुमारे १२० तास. दिवसाचे आठ तास धरले तर पंधरा दिवस. या पंधरा दिवसांत अर्थशास्त्राचा, वाणिज्याचा वा भूगोलाचा पदव्युत्तर विद्यार्थी बांधकाम व्यावसायिकाच्या कार्यालयात बसून जाहिरातीची पत्रके वाटतो, ग्राहकांना दूरध्वनी करतो, नकाशांच्या प्रती काढतो आणि शेवटी शिक्का मारलेला कागद घेऊन परततो, तर त्याला संशोधन म्हणायचे काय? अनेकदा तेवढेही घडत नाही. ओळखीच्या दुकानदाराकडून कागद मिळतो आणि महाविद्यालय तो दप्तरी लावते. ही प्रमाणपत्रे कशी जमवली जातात, हे ठाऊक नसलेला पालक शोधून सापडणार नाही. व्यावसायिकाला फुकटचे हात मिळाले, महाविद्यालयाचा तक्ता पूर्ण झाला, विद्यार्थ्याच्या पदरात श्रेयांक पडले. तिघेही संतुष्ट! हानी झाली ती चौथ्याची, आणि त्या चौथ्याकडे कोणाचे लक्ष नाही.

हा चौथा घटक म्हणजे येथील समाज. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-यवतमाळ-नांदेड या सुमारे २८४ किलोमीटरच्या नियोजित रेल्वेमार्गापैकी वर्धा ते कळंब या टप्प्याचे लोकार्पण झाले. बुटीबोरी-तुळजापूर महामार्ग यवतमाळ शहरातून जातो, तर नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्याहून जातो. रस्ता आणि रूळ आले की जमिनीचा स्वभाव पालटतो. काल ज्या पट्टीत कपाशी उभी होती, तेथे आज गोदाम, पेट्रोलपंप वा व्यापारी संकुलाची आखणी होते. खरेदीदार पुढील दहा वर्षांचा हिशेब मांडून येतो, आणि विकणाऱ्याजवळ असतो केवळ सातबारा. सातबाऱ्यावर नाव असते, क्षेत्र असते, पीक असते, बोजाही असतो. त्या जमिनीवर उद्या उभ्या राहणाऱ्या गाळ्याचे भाडे काय असेल, हे मात्र त्यावर लिहिलेले नसते. कर्जाने गांजलेला शेतकरी अज्ञानात जमीन विकतो, तेव्हा त्याचा तोटा एका पिढीपुरता राहत नाही. ज्या जिल्ह्याचा समावेश २००६ साली केंद्राला शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांच्या मदत योजनेत करावा लागला, त्या जिल्ह्याला हे अज्ञान परवडणारे आहे काय?

हे ज्ञान बाहेरून येईल, अशी आशा व्यर्थ आहे. बड्या मालमत्ता-सल्लागार कंपन्यांचे अहवाल मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू अशा महानगरांभोवती फिरतात. दत्त चौकातील गाळ्याचे वा वणीच्या बाजारपेठेतील गोदामाचे भाडे त्यांच्या खिजगणतीत नाही. ब्रिटिश कंपनीने यवतमाळ-मूर्तिजापूर अरुंदमापी रेल्वे, जनतेची लाडकी ‘शकुंतला’, घातली ती वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. माल येथला, हिशेब परक्याच्या वहीत! मालमत्तेच्या बाबतीत आज तेच घडू पाहत आहे. जमीन येथली, आणि तिच्या मोलाचे ज्ञान दुसऱ्याच्या संगणकात.

यावर उपाय नवा नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या एका खेड्याची जमीनधारणा बारकाईने नोंदवून १९१७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे कसे पडत गेले, हे त्यातून जगापुढे आले. ते खेडे आज पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग असून तेथे उत्तुंग इमारती उभ्या आहेत. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुणे शहराची आर्थिक-सामाजिक पाहणी केली आणि ती १९४५ व १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाली. घरोघर, दुकानोदुकान फिरून माहिती गोळा करण्याची ही परंपरा महाराष्ट्राच्या मातीतलीच आहे. ती यवतमाळात का रुजू नये?

एका महाविद्यालयाचे तीस विद्यार्थी धरले, तर त्यांचे मिळून ३६०० तास होतात. तेवढ्यात आर्णी रोड, दारव्हा रोड, बसस्थानक परिसर आणि पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस येथील बाजारपेठांतील गाळ्यांची पद्धतशीर नोंद होऊ शकते. गाळ्याचे क्षेत्रफळ, मजला, व्यवसाय, भाडे, अनामत, गाळा किती काळ रिकामा राहिला, एवढे टिपले तरी पुरे. ते नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक दोनशी, शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दरांशी आणि २०१७ पासून कार्यरत असलेल्या महारेराकडील प्रकल्प-माहितीशी ताडून पाहता येते. ही सर्व साधने सर्वसामान्यांना खुली आहेत. नगरपरिषदांचे गाळे, बाजार समित्यांची संकुले आणि औद्योगिक वसाहतींतील पडून असलेले भूखंड ही तर जनतेचीच मालमत्ता. तिचे भाडे वाजवी आहे की कवडीमोल, हे विचारण्याचा अधिकार करदात्याला आहे.

‘यवतमाळात असा उद्योगच कुठे आहे?’ असा आक्षेप घेतला जाईल. बाजारपेठ आहे, तेथे गाळा आहे, आणि गाळा आहे तेथे हा उद्योग आहे. त्याला चकचकीत नाव नाही, इतकेच. ‘व्यावसायिक माहिती देणार नाहीत,’ हा दुसरा आक्षेप. व्यक्तीचे नाव न छापता केवळ भागनिहाय सरासरी प्रसिद्ध केली, तर प्रामाणिक व्यावसायिकाने भिण्याचे कारण नाही. उलट मागणी कोठे आहे हे कळल्यास त्याचाच पैसा ओस संकुलात अडकणार नाही. ‘विद्यार्थ्याला नोकरी हवी, पाहणी नको,’ हा तिसरा. कंपनी कायद्याखालील २०१७ च्या नियमांनी नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा स्वतंत्र व्यवसाय मान्य केला असून जमीन व इमारत हा त्याचा एक वर्ग आहे. पात्रता, परीक्षा आणि अनुभव या त्याच्या अटी होत. अनुभवाचा पाया पत्रके वाटून घातला जात नाही.

मात्र त्यासाठी काही पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतील. विद्यार्थी व्यावसायिकाकडे बसला, तरी संशोधनाचा विषय महाविद्यालयाने ठरवावा. निष्कर्षावर मालकी यजमानाची नसावी. प्रवासखर्च व मानधन विद्यार्थ्याला मिळावे, अन्यथा गरिबाचा मुलगा पुन्हा प्रमाणपत्राकडेच वळेल. अहवाल मराठीत असावा, ग्रंथालयात खुला असावा आणि नगरपरिषदेपुढे व ग्रामसभेपुढे वाचला जावा.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने आणि जिल्ह्यातील संस्थाचालकांनी या दिशेने पाऊल टाकणे अगत्याचे आहे. पालकांनीही मुलाला ‘प्रमाणपत्र मिळाले का?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘तू काय शोधलेस?’ असे विचारावे. कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या महाविद्यालयात जाऊन गतवर्षीचे अहवाल मागावेत. ते नसतील, तर पंधरा दिवस कोणासाठी राबवले गेले, याचे उत्तर मागावे. कळंबच्या पुढे रूळ सरकण्यापूर्वी हे उत्तर मिळाले, तरच त्याचा काही उपयोग आहे.