सहकारी मल्टिटास्किंग आणि पाटाची पाळी

संगणकाच्या इतिहासाचा विषय निघाला की एक वाद हमखास डोके वर काढतो: वैयक्तिक संगणकावरील खरे 'मल्टिटास्किंग' कशाला म्हणावे? एक पक्ष म्हणतो, पडद्यावर चार खिडक्या उघड्या दिसल्या की झाले. दुसरा, अधिक सोवळा पक्ष बजावतो की प्रक्रियक एकच असेल तर एका क्षणी एकच काम होते. बाकी सारा भास. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकतात, आणि का चुकतात हे कोल्हारच्या ऊसवाल्याला चटकन उमगेल.

प्रवराकाठच्या या पट्ट्याला 1926 साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांनी मिळते. आवर्तन सुटले म्हणून चारीवरची सगळी शेते एकदम भिजत नाहीत. शेजपाळीचा नियम असा, की आरंभ टेलकडून करायचा, ज्याला त्याला ठरलेला वेळ द्यायचा आणि वेळ संपला की पाणी पुढच्या शेताला वळवायचे. एका क्षणी पाणी एकाच वावरात असते, म्हणून 'चारीवर अनेक शेते पिकतात हा भास आहे' असे कुणी कोल्हारच्या बाजारात म्हणून पाहावे! ऊस तर सगळ्यांचाच उभा राहतो.

तेव्हा प्रश्न 'एकाच वेळी'चा नाहीच. पाळी संपूनही जो पाणी सोडत नाही त्याचे काय करायचे, हा प्रश्न आहे.

1992 च्या विंडोज 3.1 पाशी याला उत्तर नव्हते. मॅकच्या जुन्या प्रणालीपाशीही, थेट नवव्या आवृत्तीपर्यंत, ते नव्हते. तेथे चालू आज्ञावलीने आपण होऊन प्रक्रियक मोकळा करायचा. तिने केला नाही, तर वाळूच्या घड्याळाकडे पाहत बसायचे आणि शेवटी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचे. न जतन केलेला मजकूर गेला तो गेलाच. या व्यवस्थेला जाणकारांनी नाव दिले 'को-ऑपरेटिव्ह', म्हणजे सहकारी.

माझी मुख्य हरकत या नावाला आहे. कोल्हारपासून जवळच लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला, तो काही सभासदांच्या निव्वळ सौजन्यावर चालावा म्हणून नव्हे. सहकारात उपविधी असतात, उसाची नोंद असते, तोडीचा क्रम असतो. तो क्रम वशिल्याने मोडतो हे खरे. पण मोडला म्हणायला आधी तो असावा लागतो! विंडोज 3.1 मध्ये मोडण्यासारखा क्रमच नव्हता. तिला सहकारी म्हणणे हा सहकाराचा अपमान आहे.

याउलट 'प्रिएम्प्टिव्ह' पद्धतीत पाटकरी असतो. यंत्रातले घड्याळ ठरावीक अंतराने प्रक्रियकाला टोकते, ताबा चालक प्रणालीकडे जातो आणि पाळी कुणाची ते ती ठरवते. चालू आज्ञावलीची संमती कुणी विचारत नाही. अमिगाने हे 1985 सालीच घरगुती यंत्रावर करून दाखवले, हे तिचे भक्त आजही अभिमानाने सांगतात. सांगू देत. पण तेथे कोणतीही आज्ञावली 'फॉरबिड' अशी हाक देऊन अदलाबदल थोपवू शकत असे. पाटकरी होता, पण दाराची किल्ली प्रत्येक बागायतदाराच्या खिशात! अमिगाला मी पाऊण गुण देईन. किल्ली फक्त चालक प्रणालीकडे ठेवायची तर प्रक्रियकातच अधिकारांचे स्तर हवेत, आणि त्यांचा पुरता उपयोग करणारी प्रणाली हवी. 1993 ची विंडोज एनटी आणि 2001 ची मॅक ओएस टेन त्या जातीच्या. युनिक्स मोठ्या यंत्रांवर कितीतरी आधीपासून हेच करत होती.

विंडोज 95 हे मधले प्रकरण. नव्या 32 बिटी आज्ञावलींना तिने पाटकरी दिला, पण जुन्या 16 बिटी आज्ञावली आपसात जुन्याच रीतीने वागत राहिल्या. त्यांतली एखादी अडून बसली की खिडक्यांचा बराचसा कारभार तिच्यासाठी तुंबे. 'खरे मल्टिटास्किंग आले' असा तेव्हा झालेला गाजावाजा अर्धाच खरा होता.

सोवळ्या पक्षाला आता वाटत असेल, की साध्या लॅपटॉपातही आठ-आठ गाभे आल्यावर आपले म्हणणे सिद्ध झाले. त्यांनी कार्यसूची उघडून पाहावी. गाभे आठ, आणि प्रक्रिया शेकडो. चाऱ्या वाढल्या, पाळी आहे तशीच आहे.