अवतरणचिन्हांविना उसना आवाज

कोणतीही संहिता निखळ स्वतःची नसते, असे आम्ही वर्गात आंतरसंहितात्मकता शिकवताना नेहमी सांगतो. लाखनीत एका विद्यार्थ्याने त्यावर सरळ विचारले, "मग सर, दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा कापून आपल्या गाण्यात बसवणाऱ्याला चोर का म्हणायचे?" आमचे तेव्हाचे उत्तर अपुरे होते. ते येथे पुरे करू पाहतो.

२००२ साली ट्रूथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचे 'ॲडिक्टिव्ह' हे गाणे गाजले. त्यात लता मंगेशकरांचा आवाज विनापरवाना वापरला होता. मूळ गाणे 'ज्योती' (१९८१) या चित्रपटातील 'थोडा रेशम लगता है'. संगीत बप्पी लाहिरींचे. प्रकरण अमेरिकेतील न्यायालयात गेले. लाहिरींचे श्रेय दिल्याखेरीज तो अल्बम विकू नये, असा आदेश २००३ मध्ये निघाला. पुढे मात्र लाहिरींचा दावाच फेटाळला गेला, कारण चित्रपटासाठी केलेल्या रचनेचे हक्क त्यांच्याकडे उरलेले नव्हते. म्हणजे 'मालक कोण?' या प्रश्नाचा निवाडा झाला, 'आवाज कोणाचा?' हा प्रश्न बाजूलाच राहिला.

आमच्या मते नैतिक प्रश्न हा दुसराच आहे. कवी पूर्वसूरींची प्रतिमा घेतो, तेव्हा ती स्वतःच्या वाणीने उच्चारतो. सॅम्पलिंगमध्ये मात्र गाणाऱ्याचा श्वास आणि स्वरांतील कंपही जसाच्या तसा उचलला जातो. शिवाय लेखनाला अवतरणचिन्हे असतात, ध्वनीला नसतात. संतकवींनी एकमेकांपासून मोकळेपणाने घेतले. पण अभंगाच्या अखेरीस नाममुद्रा राहिली.

याचा अर्थ सॅम्पलिंग निषिद्ध मानावे, असा नव्हे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील तरुणांनी जुन्या तबकड्यांतूनच हिप-हॉप घडवले. ती नवनिर्मितीच होती. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने प्रतिमुद्राधिकार कायद्यात सादरकर्त्याला नाव मिळण्याचा आणि विद्रूपीकरणास हरकत घेण्याचा हक्क दिला. परंतु न्यायालयापर्यंत पोहोचण्याचे बळ किती जणांपाशी असते?

आम्हांला चिंता आहे ती अशांची. झाडीपट्टीतील दंडार आता कोणीही भ्रमणध्वनीवर टिपतो. उद्या त्यातील एखादी लकेर मोठ्या शहरातील गाण्यात झळकली, तर गाणाऱ्याचे नाव कोण सांगणार? 'पारंपरिक लोकगीत' एवढी ओळ छापून सुटका करून घेणे सोपे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या लक्षाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गावही नोंदवले. ओवी परंपरेची असली तरी कंठ त्या बाईचा आहे, हे त्यांनी जाणले.

म्हणून त्या विद्यार्थ्याला आमचे उत्तर असे: घेण्याने कोणी चोर ठरत नाही. विचारावे, मोबदला द्यावा. आणि विचारायला कोणी उरले नसेल, तरी नाव सांगावे. नाव पुसून घेणे, तीच चोरी.