उल्लेखांची मोजदाद

जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने दरवर्षी प्रसिद्ध होते आणि आपल्याकडील विद्यापीठे व संस्था तीत झळकलेल्या आपल्या नावांची घोषणा मोठ्या उत्साहाने करतात. हवामान आणि पर्यावरण या विषयांचे अभ्यासकही तीत असतात. त्यांचे अभिनंदन आम्हीही करतो. तथापि ही मोजदाद नेमके काय मोजते, हे एकदा स्पष्ट झालेले बरे.

एखाद्या निबंधाचा आधार इतर संशोधकांनी किती वेळा घेतला, याची पद्धतशीर नोंद ठेवण्याचा पाया युजीन गारफील्ड यांनी १९६०च्या दशकात घातला. पुढे २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने संशोधकाची सारी कामगिरी एकाच आकड्यात बसविणारा निर्देशांक सुचविला. वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेख झाला, तर निर्देशांक वीस. पद्धत सुटसुटीत आहे, आणि जेथे नेमणुका वशिल्याने होत आल्या तेथे आकड्याचा आधार अनेकांना न्याय्य वाटला, यात नवल नाही.

परंतु डॉ. सुलोचना गाडगीळ यांचे कार्य पाहिले म्हणजे या आकड्याची मर्यादा ध्यानी येते. डी. आर. सिक्का यांच्यासह त्यांनी १९८० साली लिहिलेल्या निबंधात उपग्रहांच्या छायाचित्रांवरून असे दाखविले की, मोसमी पावसाचा ढगांचा पट्टा विषुववृत्ताजवळील समुद्रावरून काही आठवड्यांच्या अंतराने पुन:पुन्हा उत्तरेकडे भूमीवर सरकतो. पावसाचे जोर धरणे आणि उघडीप देणे यांच्या अभ्यासात त्या निबंधाचा आधार आजही घेतला जातो. येथे उल्लेखांचा हिशेब आणि कामाची योग्यता यांचा मेळ बसतो. मात्र त्याच बाईंनी कर्नाटक-आंध्र सीमेवरील पावगड-अनंतपूर या अवर्षणप्रवण भागात शेतकऱ्यांच्या प्रश्नांपासून आरंभ करून, पावसाच्या जुन्या नोंदी तपासून, कोरडवाहू भुईमूग केव्हा पेरावा याचा शोध घेतला. त्या कामाचा लाभ ज्याला व्हावयाचा तो शेतकरी निबंध लिहीत नाही. त्याने दिलेला दाखला कोणत्याही सूचीत चढत नाही.

आपल्या किनाऱ्यावर मृगाचा पाऊस आला की आपण निश्चिंत होतो. तोच पाऊस पुढे सरकून मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसर या मराठीभाषक संत्रापट्ट्यात पोहोचावयाचा असतो. तेथील तिगावसारख्या गावी मृग बहर धरणारा बागाईतदार उन्हाळ्यात झाडांचे पाणी तोडून त्यांना ताण देतो आणि आभाळाकडे डोळे लावून बसतो. पहिल्या सरींनंतर दीर्घ उघडीप पडली, तर बहर हातचा जातो आणि वर्षाची मिळकत बुडते. उघडिपीचे शास्त्र त्याच्याइतके निकडीचे दुसऱ्या कोणास असेल? पण ते त्याच्या भाषेत, त्याच्या बागेच्या हिशेबाने सांगणाऱ्या संशोधकाच्या खात्यावर त्याबद्दल काय जमा होते? जवळजवळ काहीच नाही.

खरा धोका येथेच आहे. बढती ज्या आकड्यावर अवलंबून, त्या आकड्याला पोसणारेच विषय तरुण अभ्यासक निवडणार. एका खाडीचे पाणी किंवा एका तालुक्याचा पाऊस वीस वर्षे नेमाने मोजणे हे काम संथ, अनाकर्षक आणि अल्प उल्लेखांचे; म्हणून ते मागे पडणार. मग ज्या नोंदींवर उद्याचे मोठे निबंध उभे राहावयाचे, त्या नोंदीच नसतील. केवळ नियतकालिकांच्या गुणांकावरून संशोधकाची पारख करू नये, असा जाहीरनामा २०१२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झाला, तो उगाच नव्हे.

आकडे फेकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. विद्यापीठांनी व कृषिविद्यापीठांनी संशोधकाच्या मूल्यमापनात आणखी एक रकाना उघडावा, इतकेच आम्ही सुचवितो. दीर्घकाळ राखलेल्या व सर्वांस खुल्या केलेल्या नोंदी, शेतकऱ्यांसाठी लिहिलेली मराठी पत्रके, शासनास दिलेला आणि अंमलात आलेला सल्ला यांची तीत नोंद व्हावी, आणि ती तपासताना त्या त्या गावच्या लोकांसही विचारावे. विद्वानांनी विद्वानांस दिलेली पावती मोलाची खरीच. परंतु जनतेच्या पैशावर चाललेल्या विद्येने जनतेचीही पावती घेतली पाहिजे.