काखेत फाटलेली बाराबंदी

गेल्या गॅदरिंगमधलं ऐतिहासिक नाटक आठवतंय ना? मावळ्याने तलवार उगारली आणि काखेत ‘टर्र’ झालं. प्रसंग जीव द्यायचा, पण अख्खं ऑडिटोरियम हसलं. ती बाराबंदी मी शिवून घेतली होती, त्यामुळे त्या हशाचा खरा धनी मीच. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की असे कपडे फसतात ते पॅटर्न चुकीचा निवडल्यामुळे. उगाच कापडाला नावं ठेवू नयेत.

मी काय केलं होतं? टेलरकाकांना मालिकेतला एक फोटो दाखवला. त्यांनी नेहमीचा शर्टाचा फर्मा घेतला, बटणांऐवजी बंद लावले, झाली बाराबंदी! पण शर्टाचा मुंढा गोल आणि बाही खाली उतरती. अंगासरशी बेतलेल्या अशा शर्टात हात एकदम वर नेला की सगळा ताण काखेतल्या शिवणीवर येतो. जुन्या अंगरख्याची बाही सरळ असायची आणि काखेत चौबगला, म्हणजे कापडाचा छोटा चौकोनी तुकडा. हात वर केला की तो उलगडतो. घेरासाठी कळ्या. चौकोन आणि त्रिकोण, त्यामुळे कापडही फारसं वाया जात नाही.

हे तर आपल्या ड्रॉइंगच्या शीटचंच काम! हुआन दे आल्सेगा या स्पॅनिश शिंप्याने १५८० मध्ये माद्रिदला कापड बेतण्यावर पुस्तक छापलं, तर त्याच्या नावातच ‘भूमिती’ हा शब्द आहे.

मग पॅटर्न निवडायचा कसा? मी आता तीन गोष्टी बघतो. पहिली, कपडा कोणत्या काळातला आणि कोणाचा? दरबारी जामा आणि शिपायाची बाराबंदी एकाच फर्म्यातून निघत नाहीत. दुसरी, पॅटर्न जुन्या कपड्यावरून उतरवलाय की नुसत्या चित्रावरून? चित्रात काख आणि पाठ दिसत नाही. अहमदाबादच्या कॅलिको म्युझियममधल्या पोशाखांवर बी. एन. गोस्वामी यांचं १९९३ चं पुस्तक आहे, त्यात कपड्यांची रेखाटनं आहेत. पुण्याच्या केळकर संग्रहालयातही जुनी वस्त्रं बघता येतात. तिसरी, कापडाचा पन्हा किती? हातमागाचा पन्हा लहान असेल, तर जोड कुठे येणार हे त्यावर ठरतं. आणि हो, आधी मांजरपाटात एक कच्चा नमुना शिवा, नटाला घाला आणि तलवार फिरवायला लावा.

“अरे, स्टेजवर लांबून कुणाला कळतंय?” असं एका सरांनी विचारलं. सर, चौबगला कुणालाच दिसणार नाही, कबूल. पण हात उचलायला घाबरणारा मावळा शेवटच्या रांगेतूनही दिसतो. आमच्या मित्राने महिनाभर रात्री जागून तालीम केली होती. त्याचा मरणाचा प्रसंग माझ्या आळसापायी विनोदी झाला, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून यंदा कपड्यांचं काम आदल्या आठवड्यावर ढकलू नका. जमलेले फर्मे खाकी कागदावर उतरवून, वर मापं लिहून हॉस्टेलच्या कपाटात ठेवूया. पुढच्या बॅचला निदान आपल्या चुका तरी पुन्हा करायला नकोत. बघा पटतंय का!