वहीत जे दिसले तेच



मागच्या महिन्यात एका वाचक भगिनीने विचारले, "तुम्ही दर महिन्याला पाखरांवर लिहिता, पण नवापूर म्हटले की आम्हाला बर्ड फ्लूच आठवतो. तिथे पाहण्यासारखी पाखरे आहेत तरी कोणती?" प्रश्न वाजवी आहे. म्हणून या वेळी एकाच पाखरावर न लिहिता आमची वर्षभराची वहीच उघडते. शेवटी एका पिंगळ्याची गोष्टही सांगायची आहे. त्या पिंगळ्यावरून आमच्या घरात दोन दिवस वाद चालला होता.

आमचे पथक लहान आहे. मी, माझी सहावीतली लेक आणि आठवीतला भाचा. अब्बांची जुनी दुर्बीण, एक शंभर पानी वही आणि चहाचा थर्मास. रविवारी फजरची नमाज झाली की निघायचे आणि ऊन चढायच्या आत घरी. नियम एकच: दिसले तर लिहायचे, ऐकले असेल तर 'ऐकले' असे लिहायचे, आणि शंका असेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाकायचे.

वहीची सुरुवात जूनपासून आहे. पाऊस पडायच्या आधी पावशा ओरडून ओरडून जीव नकोसा करतो, तो 'ऐकला' या रकान्यात. पहिल्या सरींबरोबर आफ्रिकेकडून चातक येतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, तो मात्र तारेवर बसलेला दिसला. जुलै-ऑगस्टमध्ये रंगावलीच्या काठी बाभळीवर सुगरणींची घरटी लोंबू लागतात. नाव सुगरण असले तरी विणकाम सगळे नराचे. डॉ. सालीम अलींनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला महिनोन्‌महिने बसून हे टिपले. नर अर्धे घरटे विणून थांबतो, मादी येऊन तपासते, तिला पसंत पडले तरच तो ते पुरे करतो आणि मग दुसरे विणायला घेतो. हे वाचून दाखवल्यावर माझी लेक म्हणाली, "म्हणजे घर बघायला आधी अम्मी जाते." तिचे अब्बा शेजारीच बसले होते, ते काही बोलले नाहीत.

ऑक्टोबरनंतर पाहुणे उतरतात. नदीच्या वाळूवर शेपटी हलवत फिरणारा धोबी हा त्यातला पहिला. उच्छलच्या बाजूला उकाई धरणाचे फुगवट्याचे पाणी आहे, तिथे हिवाळ्यात चक्रवाक, तलवार बदके, थापट्या आणि काळे वारकरी दिसतात. ईदगाहच्या मैदानावर हुदहुद येतो. लांब चोच गवतात खुपसून किडे काढतो आणि दचकला की डोक्यावरचा पंखा उघडतो. कुरआनात हजरत सुलैमान यांच्यापाशी सबाच्या राणीची खबर आणणारा तो हाच, हे सांगितल्यापासून मुले त्याला बघितले की आवाज न करता उभी राहतात. रमजानमध्ये सहरी आटोपून अंगणात आले की दयाळ गात असतो. उजाडायच्या आधी एवढे गोड कोण बोलते, हे शेजारच्या खालांनीही विचारले. मार्चमध्ये पळस फुलला की पळसमैनांचे थवे फुलांवर तुटून पडतात आणि ऊन तापले की तांबटाची टुक-टुक दुपारभर चालू राहते.

आमच्या स्टेशनचीही एक नोंद आहे. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातमध्ये, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. तिथल्या बाकावर साळुंकी बसली होती. लेकीने विचारले, "कोणत्या राज्याची लिहू?" भाचा म्हणाला, "चोच गुजरातेत, शेपूट महाराष्ट्रात." वहीत तसेच लिहिले आहे.

आता पिंगळ्याकडे वळते.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याचे नाव जगभरच्या पक्षिशास्त्राच्या पुस्तकांत आहे ते रानपिंगळ्यामुळे. 1872 मध्ये आजच्या छत्तीसगढमध्ये ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला हा पक्षी मिळाला आणि पुढच्या वर्षी ह्यूम यांनी त्याचे वर्णन छापले. हे तेच ह्यूम, ज्यांचे नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात वाचतो. पुढे डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात, शहादा-तळोदा भागात काही रानपिंगळे मिळवले. 1884 नंतर तो कुणालाच दिसला नाही. जगातल्या संग्रहालयांत मिळून त्याचे जेमतेम सात नमुने उरले आणि पक्षी नामशेष झाला असे लोक धरून चालले.

मध्ये एक खोटेपणा घडला. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन हा इंग्रज कर्नल मोठा पक्षितज्ज्ञ म्हणवला जाई. त्याने 1914 मध्ये तापीकाठच्या मांडवीला, म्हणजे आपल्या पश्चिमेला सुरत जिल्ह्यात, रानपिंगळा मिळवल्याचा दावा केला. पुढच्या लोकांनी त्यावर विश्वास ठेवला आणि त्या भागात शोधत राहिले. सत्तरच्या दशकात शोधणाऱ्यांत खुद्द सालीम अली होते. कुणाच्या हाती काही लागले नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा कळले की तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता. संग्रहालयातून चोरलेला, नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला. मग त्या बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्याबरोबर, खऱ्या नोंदी जिथल्या होत्या त्या जागा शोधत निघाल्या. 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. 113 वर्षांनी! त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी त्याचा अभ्यास केला. तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि पुढे ठाणे जिल्ह्यातल्या तानसापर्यंत तो आढळला. आपल्याला लागून असलेल्या डांगच्या जंगलातूनही त्याची नोंद आहे. आज तो संकटग्रस्त गणला जातो, कारण त्याला लागणारे सागाचे विरळ जंगल कमी होत चालले आहे.

डांगची ही नोंद भाच्याने वाचली होती. डिसेंबरच्या एका रविवारी आम्ही सीमेकडच्या सागाच्या जंगलाच्या कडेला गेलो. आठ वाजले असतील. वाळक्या झाडावर एक छोटे घुबड बसले होते. भाच्याने मोबाइलवर दोन फोटो काढले, तोवर ते उडाले. फोटो धूसर होते. "फुफी, रानपिंगळा! दिवसाउजेडी बसला होता, उघड्या फांदीवर!" त्याचा आवाज थरथरत होता. रानपिंगळा दिवसा वावरतो, हे खरेच आहे. पण साधा पिंगळाही सकाळी ऊन खात बसतो. मी म्हटले, "प्रश्नचिन्ह टाक." तो ऐकेना. त्याला फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकायचा होता. घरी आल्यावरही तो रुसून बसला.

आमच्या या छंदात भाईजान कधी सामील झाले नव्हते. त्याला कारण आहे. 2006 मध्ये त्यांच्या शेडमध्ये कोंबड्या होत्या. 18 फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल जाहीर झाला. देशातला पहिला बर्ड फ्लू, तो आपल्या नवापुरात. पांढऱ्या पोशाखातली माणसे आली आणि लाखो कोंबड्या पुरल्या गेल्या. भाईजानांची शेड एका दिवसात रिकामी झाली. मिळालेली भरपाई कर्जात गेली. आमच्याकडच्या लग्नाला बाहेरगावचे नातेवाईक यायला तयार नव्हते. त्यात अफवा. कुणी म्हणे बगळ्यांनी रोग आणला, कुणी म्हणे बदकांनी. मुले नदीवर बगळ्यांना दगड मारत फिरली. रानातल्या पाणपक्ष्यांत हा विषाणू असू शकतो आणि त्याने तेही मरतात, हे खरे. पण एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये तो गाडीची चाके, पिंजरे, अंड्यांचे ट्रे, माणसांची पायताणे यांच्यावरूनही जातो. दगड मारणाऱ्यांपैकी कुणी काही पाहिले नव्हते. 2021 च्या फेब्रुवारीत तेच पुन्हा घडले. भाईजानांनी दुसऱ्यांदा कोंबड्या भरल्या नव्हत्या, तरी ते आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. तेव्हापासून पाखरांचा विषय निघाला की ते उठून जायचे.

त्या दिवशी मात्र रुसलेल्या मुलाच्या हातून त्यांनी मोबाइल घेतला. फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"डोक्यावर ठिपके आहेत की रे," ते म्हणाले. "पाठीवर पण आहेत. हा आपल्या शेडवरचाच."

"आपल्या शेडवर?" मी विचारले.

"दोन आहेत. मगरिबच्या वेळी पत्र्याखालून निघून खांबावर बसतात. पुष्कळ वर्षे झाली. मार्चमध्ये पिल्ले असतात. उंदीर खातात बिचारे. म्हणून तर ती शेड अजून पाडली नाही."

आम्ही सगळे गप्प झालो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचे डोके-पाठ जवळजवळ सपाट तपकिरी, हे मी पुस्तकात वाचले होते. भाईजानांनी पुस्तक वाचले नव्हते. रोज संध्याकाळी ते एकटेच शेडपाशी का जाऊन बसतात, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

भाचा थोडा वेळ हिरमुसला. मग त्याने आपणहून वही काढली आणि 'रानपिंगळा' खोडून 'पिंगळा, 1' असे लिहिले. मी त्याला माइनर्ट्झहॅगनची गोष्ट सांगितली होतीच. एका खोट्या चिठ्ठीने जाणत्या लोकांना चुकीच्या जागी फिरवले. आमची वही कुणी मोठा माणूस वाचणार नाही, पण उद्या कुणी वाचलीच तर त्याला ती चुकीच्या झाडाखाली उभी करणार नाही.

संध्याकाळी आम्ही तिघे भाईजानांबरोबर शेडवर गेलो. पिंगळे वेळेवर आले. वहीतल्या त्या दिवसाच्या शेवटच्या ओळीत भाईजानांचे अक्षर आहे: 'शेडवर, पिंगळे 2.'

वाचकांना दोन विनंत्या. मेलेले पाखरू दिसले तर हात लावू नका, मुलांना लांब ठेवा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. आणि घुबड घरावर बसले म्हणून त्याला हुसकावू नका. त्याच्यात अपशकुन काही नाही, उंदीर मात्र कमी होतात.

दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर हा आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. पण तोवर थांबायचे कारण नाही. येत्या रविवारी एक वही घ्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारा, त्यांनी काय पाहिले आहे. पुढच्या महिन्यात उकाईच्या पाण्यावरचे चक्रवाक. भाईजान येणार म्हणाले आहेत.